चौधरींच्या घरातली वही

बहिणाबाई चौधरी ३ डिसेंबर १९५१ रोजी जळगावात वारल्या, तेव्हा घर, भाऊबंद आणि शेतावरची माणसं सोडली तर त्यांची गाणी कुणाला माहीत नव्हती. वय एकाहत्तर. अक्षरओळख नाही. सगळा जन्म शेतात आणि चुलीपुढे गेलेला. पुढच्याच वर्षी, १९५२ साली, त्यांच्या गाण्यांचं पुस्तक आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह निघालं. तेव्हापासून मराठी शाळेत शिकलेल्या माणसाला त्यांची एखादी तरी ओळ पाठ असते. जळगावच्या विद्यापीठाला २०१८मध्ये त्यांचं नाव दिलं गेलं.

आपण ही हकिकत चमत्कारासारखी सांगतो. अडाणी बाई, मातीतलं सोनं वगैरे. मला ती जरा कोरडेपणाने, एक प्रकरण म्हणून बघायची आहे. घरातली एक गुणी म्हातारी जाते. तिने आयुष्यभर काही ना काही रचलेलं असतं, पण ते तिने कधी कागदावर उतरवलेलं नसतं. अशा वेळी घरातली माणसं काय करतात, कधी करतात, आणि तरी काय हातचं जातं? बहुतेक घरांत हा विषय तेराव्याच्या जेवणानंतर ‘काय सुरेख म्हणायची हो’ या वाक्यावर मिटतो. चौधरींच्या घरात तो मिटला नाही. का, तेच बघायचं आहे.

आधी थोडं त्यांच्याविषयी. जन्म जळगावजवळच्या असोद्याचा, महाजनांच्या घरातला. वडील उखाजी, आई भिमाई, तीन भाऊ, तीन बहिणी. साल १८८०, दिवस नागपंचमीचा. इंग्रजी तारीख मात्र कुठे ११ ऑगस्ट छापतात, कुठे २४ ऑगस्ट. १८८०च्या २४ ऑगस्टला श्रावणातली पौर्णिमा उलटून गेली होती, त्यामुळे नागपंचमीशी ती जुळत नाही, ११ जुळते. मला यात गंमत वाटते ती अशी की तारखेचा घोळ कागदावर झाला आणि घराने सणाला धरून लक्षात ठेवलेला दिवस पक्का राहिला. आपल्याकडच्या कितीतरी आज्या अशाच जन्मल्या आहेत: पोळ्याच्या आदल्या दिवशी, आखाजीला म्हणजे अक्षय्य तृतीयेला, प्लेगच्या साली.

तेराव्या वर्षी लग्न होऊन त्या जळगावच्या नथूजी खंडेराव चौधरींच्या घरी आल्या. तिशीत वैधव्य आलं. पदरात काशी, ओंकार आणि सोपान ही तीन मुलं. वैधव्यावरचं त्यांचं एक गाणं आहे. कुंकू पुसलं गेलं, पण कपाळावरचं गोंदण उरलं. मंगळसूत्र तुटलं, पण गळ्याची शपथ उरली. ज्याने गोंदून घेतलेल्या बाईचं कपाळ जवळून पाहिलं आहे त्याला ही कल्पना कुठून आली ते समजावून सांगावं लागत नाही. कुंकू रोज लावायचं आणि रोज पुसलं जायचं. हिरवट निळे ठिपके मात्र कातडीच्या आत असतात, ते चितेपर्यंत सोबत जातात. रडगाणं न करता ही बाई स्वतःच्या अंगावर काय काय शिल्लक आहे ते मोजते आहे.

गाणी व्हायची ती कामात. पेरणी, निंदणी, उपणणी, मोट, दळण, सैपाक. उपणायला, म्हणजे धान्यातला भुसा वाऱ्यावर उडवायला, उभं राहिलं आणि वारा पडला की वाऱ्याला हाक मारायची. जात्यावर बसलं की जात्याशीच हुज्जत: ज्यातून पीठ ‘येतं’ त्याला ‘जातं’ का म्हणायचं? आता ही कोटी खुर्चीत बसून सुचत नाही. एका हाताने खुंटा फिरवत, दुसऱ्या हाताने मुठीमुठीने दाणे टाकत, पाळ्यातून खाली सांडणाऱ्या पिठाकडे तासभर बघत बसलेल्या माणसालाच ती सुचते.

आता प्रकरणातला पहिला कळीचा प्रसंग. तो त्यांच्या मृत्यूच्या कितीतरी वर्षं आधीचा आहे, आणि माझ्या मते सगळं त्यावरच अवलंबून आहे. सोपानदेव शाळेत होते तेव्हाचा. पाठ्यपुस्तकातली सावित्री-सत्यवानाची गोष्ट त्यांनी आईला मोठ्याने वाचून दाखवली. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत आईने त्या गोष्टीचं गाणं केलं होतं. मुलगा चकित झाला आणि वहीत लिहून घ्यायला लागला. पुढे सोपानदेव आणि त्यांचे मावसभाऊ अशा दोघांनी मिळून जमेल तशी गाणी उतरवून घेतली.

यात दोन गोष्टी नीट बघण्यासारख्या आहेत. एक, लिहिणारा घरातलाच होता. संशोधक यावा, त्याने ‘बाई, म्हणा’ म्हणावं आणि बाईने पदर सावरून म्हणावं, असं काही नव्हतं. पोरगा घरात होता म्हणून गाणं कानावर पडत होतं. दुसरी गोष्ट, त्याला तेव्हा हे ‘साहित्य’ आहे असं वाटून त्याने लिहिलं असेल असं मला वाटत नाही. माय गाते, आपल्याला नवल वाटतं, म्हणून लिहून ठेवू, इतकंच. जपून ठेवण्यासारखं आहे का याचा निकाल लागायची वाट बघत बसला असता तर वही कोरीच राहिली असती. हा निकाल बहुतेक माणूस गेल्यावरच लागतो.

पण वही भरली, आणि मग वही नुसती राहिली. या टप्प्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. सोपानदेव पुढे स्वतः नावाजलेले कवी झाले. मराठी कवितेच्या जगात त्यांची ऊठबस होती, संपादक ओळखीचे होते. तरीही माय असेपर्यंत तिची गाणी बाहेर आली नाहीत. मी त्यांना दोष देत नाही. लेवा पाटलांच्या घरातली जुनी बाई, तिची गाणी चारचौघांत काय वाचायची, हा संकोच समजण्यासारखा आहे. कवी मुलाला तर तो जास्तच असणार. आपल्या कवितेची भाषा एक, घरातल्या मायची भाषा वेगळी. मुंबई-पुण्याच्या बैठकीत ‘माले’, ‘तुले’ काढायला तेव्हा धीर लागत असे, आजही थोडा लागतोच.

माय गेल्यावर मात्र वही हाताला लागली आणि त्यांनी ती गाणी अत्र्यांना दाखवली. संकोचत दाखवली असं सांगतात. अत्र्यांनी वाचलं आणि हे बावनकशी सोनं आहे, महाराष्ट्रापासून लपवून ठेवणं हा गुन्हा आहे, असं बजावलं. या वाक्याचा आपण आता सुविचार केला आहे. प्रकरणात त्याचं काम फार व्यवहारी होतं. घरच्या माणसाला घरच्या वस्तूची किंमत करता येत नाही. एक तर तो ती फार वाढवून सांगतो, नाहीतर लाजून झाकतो. किंमत करायला बाहेरचा लागतो, आणि तोही असा की ज्याला नाही म्हणणं अवघड जावं. अत्रे हे काम करायला अगदी योग्य माणूस होते. त्यांच्या आवाजापुढे संकोच टिकला नसता.

पुढचा निर्णय मला सगळ्यांत मोलाचा वाटतो, आणि त्याचं श्रेय सोपानदेव-अत्रे दोघांनाही पुरेसं दिलं जात नाही. पुस्तक छापताना त्यांनी भाषा ‘सुधारली’ नाही. बहिणाबाईंची बोली लेवा गणबोली, खानदेशच्या वळणाची. तिच्यात ‘ळ’चा ‘य’ होतो, ‘ण’चा ‘न’ होतो, ‘ला’च्या जागी ‘ले’ येतो, ‘करून’चं ‘करीसनी’ होतं. गळा नव्हे गया, डोळे नव्हे डोये, काळा नव्हे काया. मनावरच्या त्यांच्या प्रसिद्ध कवितेतला ‘वढाय’ म्हणजे आपला ‘ओढाळ’, पिकात तोंड घालायला सारखं ओढ घेणारं ढोर. १९५२ साली, प्रमाण मराठीचा दरारा असताना, कुणीही संपादक सहज म्हणाला असता की थोडं शुद्ध करून घेऊ, पुण्याच्या वाचकाला कळायला हवं. ‘वढाय’चं ‘ओढाळ’ केलं की अर्थ तोच राहतो, पण तोंडात घोळवून बघा: ‘वढाय वढाय’ म्हणताना शेवटी तोंड उघडं राहतं, सूर लांबवता येतो. ‘ओढाळ ओढाळ’ म्हणताना जीभ टाळूला जाऊन आपटते आणि सूर तुटतो. ही गाणी गाण्यासाठीच झाली होती, आणि त्या ‘य’वर त्यांची चाल उभी होती.

दुसरीकडे काय झालं तेही सांगायला हवं. संसार आणि तवा-चुलीची त्यांची कविता १९६१च्या ‘मानिनी’ चित्रपटात सुमन कल्याणपूरांच्या आवाजात आली, संगीत वसंत पवारांचं, आणि ती घराघरांत गेली. आज शहरात कुणालाही म्हणायला सांगा, चटके सोसल्यावर भाकर ‘मिळते’ असंच म्हणेल. जळगावकडच्या बाईची भाकर ‘मियते’. फरक एका अक्षराचा आहे आणि तक्रार करावी इतका मोठा नाही. चित्रपट नसता तर ती कविता माझ्या मुंबईकर मावशीपर्यंत पोचलीच नसती. पण प्रकरण लिहायचं तर नोंद करावीच लागते की छापील पुस्तकाने जे राखलं ते रेडिओने जरासं घासून गुळगुळीत केलं.

आणि चाल? मूळ चाल काय होती? बहिणाबाई उपणताना कुठल्या सुरात म्हणायच्या, जात्यावर कुठे थांबायच्या, मध्ये दाणे टाकताना शब्द कसा लांबायचा, हे वहीत आलं नाही. पेन्सिलीने शब्दच उतरवता येतात. आज आपण ज्या चालींत ही गाणी म्हणतो त्या बहुतेक संगीतकारांच्या आहेत. छान आहेत, पण बहिणाबाईंच्या नव्हेत.

संख्येचा हिशेबही करून टाकू. पहिल्या पुस्तकात ३५ कविता होत्या. कळत्या वयापासून सत्तरीपर्यंत काम करताना गाणाऱ्या बाईच्या ३५ कविता. रोजचं दळण, दरसालची पेरणी-कापणी, प्रत्येक आखाजीचे झोके, घरातली लग्नं आणि बाळंतपणं धरली तर वहीत आलं ते पाखडून सुपात उरलेलं, तेही पहिल्याच पाखडणीतलं. मुलगा शाळेत गेला असेल, मावसभाऊ गावाला गेला असेल, त्या दिवसांची गाणी हवेत गेली. हे मी हळहळ म्हणून लिहीत नाही. ज्या घरात हे प्रकरण सगळ्यांत चांगलं पार पडलं त्या घरातही वाचलेलं एवढंच होतं, हे माहीत असलेलं बरं, म्हणजे आपल्या घराची अपेक्षा ताळ्यावर राहते.

एका गोष्टीपाशी मात्र मला नेहमी थांबावंसं वाटतं. जळगावातल्या छापखान्यावर बहिणाबाईंचं एक गाणं आहे. स्वतःला वाचता येत नव्हतं, पण यंत्र कसं चालतं, कागद कसा आत जातो आणि छापून कसा बाहेर येतो, हे त्यांनी बघितलं होतं. गाण्याच्या शेवटी त्या म्हणतात की माणूस वेडाच राहतो, आणि कोरा कागद मात्र छापून शहाणा होतो. वाचन न येणाऱ्या बाईने छापखान्याच्या दारात उभं राहून केलेली ही थट्टा आहे. तीच पुढे छापून आली. कोणत्या बाजूने हसावं ते कळत नाही.

जुन्या जळगावातल्या चौधरी वाड्यात त्यांच्या वापरातल्या वस्तू जपून ठेवल्या आहेत. स्मारक म्हटलं की आपण पुतळा, बाग, रस्त्याची पाटी, पुरस्कार इथे पोचतो. या सगळ्याला माझी हरकत नाही. पण ज्या बाईची सगळी निर्मिती हातातल्या कामातून झाली तिची आठवण सुपाशी, तव्याशी, औताशी बांधलेली असणं मला जास्त जवळचं वाटतं. पुतळ्याच्या हातात काय द्यायचं हा तसा अवघडच प्रश्न आहे. लेखणी देता येत नाही.

बहिणाबाईंना एक कवी मुलगा होता, हे नशीब. ज्यांना तो नव्हता त्यांचं काय? याचं एक उत्तर महाराष्ट्रातच आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ या दोघांनी गावोगावच्या कार्यकर्त्यांना घेऊन जात्यावरच्या ओव्या गोळा करायला घेतल्या आणि हजारावर गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या लिहून घेतल्या. त्यांतल्या काही ध्वनिमुद्रितही केल्या. २०१७पासून हा साठा ‘पारी’ (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) या ग्रामीण भारतावरच्या संकेतस्थळावर लोकांसमोर यायला लागला. त्या कामातली मला सगळ्यांत आवडलेली गोष्ट साधी आहे: ओवीखाली गाणारीचं नाव आणि गाव असतं. लोकगीत म्हटलं की आपण ‘परंपरेने चालत आलेलं’ असं लिहून मोकळे होतो, आणि ज्या बाईने ती ओळ आपल्या सासरच्या दुःखाने वळवून घेतली ती त्या परंपरेत विरघळून जाते. इथे ती विरघळत नाही. वर्षांनंतर कार्यकर्ते पुन्हा त्या गावांत गेले तेव्हा काही गाणाऱ्या बायका हयात नव्हत्या. घरच्यांना ऐकवायला त्यांचा आवाज मात्र होता. चौधरींच्या वहीत जे राहून गेलं, ते इथे काही प्रमाणात राखलं गेलं.

हे सगळं वाचून झाल्यावर मी गेल्या उन्हाळ्यात यावल तालुक्यातल्या आमच्या आत्याकडे गेलो. वय अठ्ठ्याहत्तर. आजीच्या ओव्या तिलाच येतात असं घरात सगळे म्हणतात. आजी जाऊन बावीस वर्षं झाली. तेव्हा तेराव्याला बायकांनी बसून आठवायचा प्रयत्न केला होता, आणि दोन काक्यांचं एका ओवीच्या शेवटावरून चक्क भांडण झालं होतं. कुणी लिहून घेतलं नाही. मीही नाही, मी तेव्हा बारावीच्या परीक्षेच्या घोरात होतो.

ओसरीवर सतरंजी टाकली, फोन उशीवर टेकवून ठेवला, पंखा बंद केला, कारण आवाज येतो. आत्याला म्हटलं, म्हण. तिने तोंड उघडलं, एक ओळ म्हटली आणि अडली. पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा तिथेच अडली. मग वैतागून म्हणाली, “नुसतं बसीसनी कसं म्हनू रे? हाताले काम नही.”

घरातलं जातं कधीच मागच्या अंगणात गेलं आहे. त्याच्या वरच्या तळीवर आता तुळशीची कुंडी असते. कुंडी उतरवली. खुंटा नव्हता, भोकात चुलत भावाने बाभळीचं लाकूड ठोकून बसवलं. आत्या खाली बसली, एक पाय पसरला, पदर खोचला. मूठभर ज्वारी टाकली. दगड पहिल्यांदा नुसताच घासला, मग फिरायला लागला. तीन-चार फेऱ्या ती काही बोलली नाही.

मग सुरू झाली. अडली होती ती ओळ पार करून पुढे गेली, तिच्यापुढे मी कधी न ऐकलेली एक आली, मग आणखी एक. दगडाची घरघर तिच्या आवाजाइतकीच मोठी होती आणि फोनमध्ये शब्द नीट येणार नाहीत हे मला दिसत होतं. मी खिशातून पेन काढलं. कागद नव्हता. तुळशीच्या कुंडीशेजारी खताची रिकामी पिशवी पडली होती, तिच्या पांढऱ्या बाजूवर लिहायला लागलो.